सिंधुदुर्ग जिल्हा : आर्थिक विकास

महाराष्ट्राच्या दक्षिण कोकणातील, १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा काढलेला जिल्हा. पाऊस सुमारे ३,००० मिमी. पडतो, पण उतारावरून समुद्रात वाहून जातो. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. भातशेती पोटापुरतीच. मुंबईच्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर घरे चालत.

खरा बदल १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडल्याने झाला. कातळ-वरकस जमिनीवर हापूस व काजूची कलमे उभी राहिली; वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राच्या काजूच्या जाती त्यांत प्रमुख. काजू बी वाफवून, हाताला तेल चोळून बायका ती कटरवर फोडतात, कारण टरफलातला चीक कातडी जाळतो. बोंडे मात्र बहुतांशी झाडाखालीच कुजतात; शेजारच्या गोव्यात त्यांची फेणी होते. ही नासाडी अक्षम्यच म्हणावी लागेल.

१९९७ मध्ये पर्यटन जिल्ह्याची घोषणा, १९९८ मध्ये कोकण रेल्वे, २०२१ मध्ये चिपी विमानतळ. मालवण-तारकर्लीत न्याहारी-निवास चालतो, तोही पावसाळ्यात थंडावतो. सामाईक सातबारामुळे जमिनीवर कर्ज मिळणे अवघड. तरुण अजूनही बाहेर पडतात : लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली.