सूत्रधार आणि उत्स्फूर्त पात्रनिर्मिती : एक ऐतिहासिक विचार

१८५३ साली गिरगावालगतच्या ग्रँट रोड नाट्यगृहात विष्णुदास भावे यांच्या मंडळीने पौराणिक खेळ केले. सूत्रधार पदांतून कथा सांगे. गद्य संवाद मात्र नट आयत्या वेळी रचत. राक्षसपार्टीचा आवेश नटाच्या कल्पनाशक्तीवरच अवलंबून असे. १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातही निवेदक प्रसंग मांडतो व खेळाडू आपापले पात्र घडवतात. भेद असा की, तेथे फाशांमुळे शेवट अनिश्चित राहतो. भावे यांच्या नाटकांत तो पुराणांनी आधीच ठरवलेला असे. भावे यांची पदे ‘नाट्यकवितासंग्रहा’त (१८८५) ग्रंथबद्ध झाली, नटांचे शब्द मात्र विरले. सबब केवळ छापील संहितेवर आधारलेला नाट्येतिहास या अनाम पात्रनिर्मात्यांवर अन्याय करतो.