एसएमएस ते आरसीएस : खुले मानक आणि इतर ॲप्सचा प्रवेश

एखादे मानक ‘खुले’ आहे म्हणजे ते वापरणारे ॲप कोणालाही लिहिता येते, असे आपण गृहीत धरतो. मोबाईल संदेशांचा इतिहास पाहिला, तर या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचे आपल्या लक्षात येईल.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने पाठवला. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. ७ बिटांच्या संकेतात इंग्रजीची १६० अक्षरे बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागत असल्याने मराठी मजकूर ७० चिन्हांतच आटोपावा लागतो. एसएमएस टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतो, म्हणजे मोबाईल कंपनीच्या यंत्रणेत तो वाचता येतो. मात्र अँड्रॉइडने त्याचे एपीआय सर्वांना दिले आणि २०१३ च्या ४.४ आवृत्तीत एसएमएसचे मुख्य ॲप निवडण्याची सोयही दिली. त्यामुळे एसएमएस ॲप कोणालाही लिहिता येते.

एसएमएसची जागा घेण्यासाठी आरसीएसचे काम २००७ मध्ये सुरू झाले. पुढे ते जीएसएमए या संघटनेकडे आले आणि २०१६ मध्ये ‘युनिव्हर्सल प्रोफाइल’ हे सामाईक मानक निघाले. मोबाईल कंपन्यांची अंमलबजावणी संथ होती. म्हणून २०१५ मध्ये जाइब ही कंपनी विकत घेतलेल्या गूगलने २०१९ पासून ही सेवा स्वतःच पुरवायला सुरुवात केली. २०२१ मध्ये गूगलच्या मेसेजेस ॲपमध्ये दोन व्यक्तींमधील संभाषण सिग्नल प्रोटोकॉलने कूटबद्ध होऊ लागले. हे एन्क्रिप्शन मानकाचा भाग नव्हते. ती त्या ॲपची भर होती. आरसीएससाठी सर्वसामान्य ॲप-लेखकांना एसएमएससारखा एपीआय मात्र मिळाला नाही.

असे का, हेही समजून घ्या. टोकापासून टोकापर्यंतच्या एन्क्रिप्शनमध्ये किल्ल्या फोनवर असतात आणि संदेश ॲपमध्येच उलगडतो. म्हणजे ॲप हेच ‘टोक’. तिथे बेभरवशाचे ॲप बसले, तर गणित कितीही भक्कम असले तरी गुपित फुटते. ही अडचण खरी आहे. पण दार एकाच कंपनीने राखले, तर दृष्टिहीनांसाठी वेगळे ॲप किंवा मुक्तस्रोत ॲप लिहू पाहणाऱ्याला आरसीएसपर्यंत पोहोचताच येत नाही.

जुलै २०२३ मध्ये आयईटीएफने एमएलएस हे मानक आरएफसी ९४२० म्हणून प्रसिद्ध केले. मार्च २०२५ मध्ये जीएसएमएने एमएलएसवर आधारित एन्क्रिप्शन आरसीएसच्या मानकातच आणले. वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप्स एकमेकांशी कूटबद्ध बोलू शकतील, अशी तरतूद त्यामुळे झाली. मात्र आपल्या फोनवर तिसऱ्या ॲपला प्रवेश द्यायचा की नाही, हे त्या मानकाने ठरत नाही. ते कार्यप्रणाली बनवणारा ठरवतो.

म्हणून यापुढे ‘खुले मानक’ हे शब्द वाचाल तेव्हा दोन प्रश्न वेगळे विचारा : नियम कोणाला वाचता येतात, आणि ते नियम पाळणारे ॲप फोनवर कोणाला चालवता येते?