बिल्ड यशस्वी, पण डेटा गायब! लोंबॉक आणि मॅपस्ट्रक्टचं भांडण काय आहे?

समजा, भोसरीतल्या एका छोट्या कारखानदाराने चाकणच्या वाहन कंपनीच्या पोर्टलवर चलन भरलं. पार्ट नंबर टाकला, नग टाकले, सबमिट केलं. स्क्रीनवर 'सक्सेस' आलं. पण कंपनीच्या सिस्टिममध्ये पोहोचलेलं चलन कोरं. टेम्पो गेटवरच उभा.

पोर्टल जावात लिहिलेलं असेल, तर यामागे एक कारण असं असू शकतं: दोन अ‍ॅनोटेशन प्रोसेसरचं आपसात न जमणं.

अ‍ॅनोटेशन म्हणजे कोडमध्ये '@' लावून लिहिलेली चिठ्ठी. कोड कंपाइल होताना ती वाचून पुढचा कंटाळवाणा कोड आपोआप लिहिणारं टूल म्हणजे अ‍ॅनोटेशन प्रोसेसर. 2006 साली आलेल्या जावा 6 पासून ही सोय थेट कंपायलरमध्येच आहे. लोंबॉक आणि मॅपस्ट्रक्ट ही त्यातली दोन लोकप्रिय टूल्स. (जावा आणि लोंबॉक ही दोन्ही इंडोनेशियातली बेटं आहेत, बरं का.)

लोंबॉक क्लासमध्ये गेटर-सेटर, म्हणजे माहिती वाचायच्या आणि भरायच्या मेथड्स घालतं. मॅपस्ट्रक्ट त्याच मेथड्स बघून एका ऑब्जेक्टमधली माहिती दुसऱ्यात नेणारा कोड लिहितं. गोची इथेच आहे. नियमाने प्रोसेसरने फक्त नवीन फाइल बनवायची, आधीच्या क्लासला हात लावायचा नाही. लोंबॉक मात्र कंपायलरच्या आत शिरून तोच क्लास बदलतं. हा बदल होण्याआधीच मॅपस्ट्रक्टने क्लास पाहिला, तर त्याला एकही मेथड दिसत नाही. नशीब बरं असेल तर 'अननोन प्रॉपर्टी' असा एरर येतो आणि बिल्ड थांबतो. नसेल तर एररच येत नाही! भरायला काही नाहीच असं समजून मॅपस्ट्रक्ट कोरा ऑब्जेक्ट देणारा कोड लिहून मोकळं होतं.

ऑक्टोबर 2020 मध्ये लोंबॉकची 1.18.16 आवृत्ती आली आणि अनेकांचे चालू प्रोजेक्ट असे अडले. दोघांची सांगड घालणारा भाग तोवर लोंबॉकमध्येच होता, तो आता वेगळा काढला गेला. त्यामुळे 'लोंबॉक-मॅपस्ट्रक्ट-बाइंडिंग' नावाची छोटी लायब्ररी प्रोसेसरच्या यादीत स्वतः टाकावी लागते.

मेव्हन वापरत असाल तर आणखी एक मेख आहे. प्रोसेसरची वेगळी यादी दिली, की मेव्हन फक्त त्या यादीतलेच चालवतं. तिथे एकटं मॅपस्ट्रक्ट लिहिलं तर लोंबॉक चालणारच नाही. म्हणून तिन्ही लिहा, लोंबॉक सगळ्यात वर. ग्रेडल 5 पासून तिथेही प्रोसेसर वेगळे नोंदवावे लागतात. आणि सप्टेंबर 2024 मधल्या जावा 23 पासून तर स्पष्ट सांगितल्याशिवाय कंपायलर कुठलाच प्रोसेसर चालवत नाही.

शंका असेल तर आधी क्लीन बिल्ड करा. मग 'टार्गेट'मधलं 'जनरेटेड-सोर्सेस' फोल्डर उघडून मॅपस्ट्रक्टने लिहिलेली फाइल स्वतः वाचा. त्यात नुसता नवा ऑब्जेक्ट बनवून परत केलेला दिसला, एकही सेटर नाही, तर चोर सापडला.