‘मेतानोइया’ : एका ग्रीक शब्दाचा मराठी प्रवास



कंग्राळीत उभे राहून एका ग्रीक शब्दाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मराठी बोलणाऱ्या आणि रोज कन्नड कानी पडणाऱ्या आपणांस हे शिकवावे लागत नाही की, भाषेची शीव ओलांडताना शब्दाचा अर्थ थोडा सांडतो, थोडा नव्याने भरतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान आणि येशू या दोघांच्याही उपदेशाचा आरंभ ‘मेतानोइया’ या शब्दाच्या क्रियापदाने होतो. मराठी बायबलने तेथे ‘पश्चात्ताप’ योजिला. दोन्हींची फोड करून पाहावी. ‘मेता’ म्हणजे नंतर, अर्थात पश्चात्. येथवर दोन्ही भाषा एकाच वाटेने चालतात. पुढे मात्र ‘नूस’ म्हणजे मन, आणि ‘ताप’ म्हणजे पोळणे. ग्रीक शब्दात मन मागाहून पालटते, मराठी शब्दात ते मागाहून पोळते. नुसत्या पस्ताव्यासाठी ग्रीकांजवळ ‘मेतामेलोमाई’ हे निराळे क्रियापद आहे. हा भेद सर्वत्र काटेकोर पाळलेला नाही, हे खरे. पण येशूला धरून देणाऱ्या यहूदाकरिता मत्तय हेच क्रियापद वापरतो. यहूदा रुप्याची तीस नाणी परत फेकतो आणि गळफास घेतो. त्याला ताप झाला. नवी वाट दिसली नाही.

लॅटिन भाषांतरात या शब्दाला प्रायश्चित्ताची छटा आली. इरॅस्मसने १५१६ साली ग्रीक मूळ छापले, तेव्हा विद्वानांना मूळ शब्द पुन्हा दिसला. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने आपल्या प्रबंधांचा आरंभ याच शब्दाच्या अर्थापासून केला, हा योगायोग नव्हे. प्रायश्चित्त आणि मनाचा पालट यांत किती अंतर असते, हे आपल्याकडे पंचहौद प्रकरणाने दाखविले. १८९० साली पुण्याच्या मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून ग्रामण्य उठले; न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. चहा पिणे हे पाप होते, असे त्यांचे मत झाले होते असे कोण म्हणेल?

मग मराठी भाषांतर चुकले काय? मला तसे वाटत नाही. वारकरी परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला ताप म्हणजे केवळ हळहळ वाटत नाही. संतांच्या वाणीत अनुताप हा मनाला शुद्ध करणारा आहे. त्याच्यावाचून भक्तीला आरंभ नाही. भाषांतरकारांनी ‘प्रायश्चित्त’ टाळून ‘पश्चात्ताप’ निवडला, यात त्यांचे शहाणपण दिसते. मात्र कन्नडात ‘मानसांतर’ असा शब्द या अर्थी रूढ झाला आणि तमिळ बायबलात मन फिरण्याची भाषा आहे. तेवढ्यापुरते आपले हे शेजारी ग्रीकाच्या अधिक जवळ राहिले, हे आपण मोकळेपणाने मान्य करावे.

हा अर्थ एखाद्याच्या आयुष्यात पाहावयाचा, तर दूर जावे लागत नाही. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले, तेथील मिशनच्या शाळेत शिकले आणि मुंबईस परमहंस सभेत सामील झाले. जातिभेद त्या सभेच्या मंडळींच्या मनातून गेला होता. पण सहभोजने बंद दाराआड होत. मन पालटलेले, पाऊल मात्र उंबरठ्याच्या आत. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात ‘मेतानोइया’च्या क्रियापदाला लागूनच ‘एपिस्त्रेफो’, म्हणजे वळणे, हे दुसरे क्रियापद येते, ते उगाच नव्हे. मन पालटते आणि माणूस वळतो, या दोहोंत पदमनजींची काही वर्षे गेली. १८५४ साली त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. कोशकार आणि नव्या कराराचे भाष्यकार म्हणून त्यांची ओळख पुढची. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ साली, त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले, आणि त्यात त्यांनी हिंदू विधवांची दुःखे उघड्यावर मांडली.