टपालाची थैली आणि प्रवासी विमानसेवा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रवासी विमानकंपनीच्या जमाखर्चात मालवाहतुकीला दुय्यम लेखण्याची प्रथा आहे. भारतीय विमानसेवेचा इतिहास मात्र उलट क्रम दाखवितो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आणलेल्या लहानशा पस मॉथ विमानात टपाल होते, प्रवासी नव्हता. १९३३ मध्ये टाटांच्या विमानांतून सुमारे १० टन टपाल गेले. प्रवासी अवघे १५५. सरकारी अनुदान नसलेल्या या उद्योगास टपालाच्या मोबदल्यानेच तारले, असे म्हणावे लागते.

पुढे जानेवारी १९४९ मध्ये नागपूर हे रात्रटपालाचे केंद्र झाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री तेथे एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. त्याच विमानांतून प्रवासीही जात. आसने भरोत वा न भरोत, थैल्या मात्र रोज असत.

मराठवाड्यात ही जोड मिळाली नाही. 'उडान' योजनेखाली २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली. योजनेतील अनुदानाचा हिशेब आसनांवर होता. ही सेवा चालविणाऱ्या ट्रूजेटची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. त्यामागे इतरही कारणे होती, हे मान्य केले पाहिजे. लातूरची तूर वा सोयाबीन ही जड व तुलनेने स्वस्त पिके विमानाने जाणार नाहीत, हेही उघड आहे. तथापि या दोन जिल्ह्यांत हलका, मोलाचा आणि घाईचा माल कोणता, याची पाहणी प्रवासीसंख्येच्या अंदाजाआधी व्हावयास हवी.