टेकुमेलची भाषा आणि तिचा कर्ता

राज्यें बुडतात; परंतु त्यांच्या भाषा व दैवतें मागें उरतात, हा इतिहासाचा नित्याचा अनुभव आहे. पश्चिमेंतील रोमन साम्राज्य लयास गेलें, तरी लॅटिन भाषा ख्रिस्ती धर्मपीठाच्या आश्रयानें टिकली आणि इटालियन, फ्रेंच व स्पॅनिश या तिच्या कन्या घरोघर नांदूं लागल्या. हा अनुभव एखाद्या खेळासाठीं कल्पिलेल्या जगांत कोणी उतरविला असेल, असें सहसा आपल्या मनांत येणार नाहीं. एका अमेरिकन प्राध्यापकानें मात्र तें केलें आहे.

मुहम्मद अब्द-अल-रहमान बार्कर (१९२९–२०१२) हे भाषाशास्त्रज्ञ होते. ऑरेगॉनमधील क्लॅमथ या मूळ रहिवाशांच्या भाषेचें व्याकरण व कोश त्यांनीं सिद्ध केला. उर्दू व बलुची शिकविणारीं पुस्तकें लिहिलीं. इस्लामचा स्वीकार केला. आणि मिनेसोटा विद्यापीठांत दक्षिण आशियाच्या विषयांचें अध्यापन केलें. त्यांचा ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. खेळणारे एकेका पात्राची भूमिका घेऊन बोलतात, एक जण कथानक चालवितो आणि कठीण प्रसंगाचा निकाल फांशांवर लागतो, असा हा खेळाचा प्रकार आहे.

त्यांतील टेकुमेल या जगाला बार्करांनीं हजारों वर्षांचा इतिहास दिला. तेथें एके काळीं गंगा नांवाच्या बेटावर पुरोहित-राजांची सत्ता होती. बेट समुद्रांत गेलें, सत्ता मोडली. परंतु स्थैर्याचीं पांच व परिवर्तनाचीं पांच अशीं दैवतें मात्र मागाहूनच्या राज्यांतहि पूजिलीं जाऊं लागलीं. त्या पुरोहितांची एंग्स्वन्याली भाषा जुनी विद्याभाषा ठरली आणि तिच्यापासून त्सोल्यानी ही नव्या साम्राज्याची भाषा निघाली. या भाषेंत ‘तूं’ म्हणण्याचे प्रकार अनेक आहेत. समोरच्याचा दर्जा ओळखल्यावांचून तोंड उघडण्याची सोय नाहीं. तूं, तुम्ही आणि आपण यांतील अंतर जाणणाऱ्या मराठी वाचकाला याचें मर्म सांगावयास नकोच. समाजाची उतरंड सर्वनामांत उतरते, हें बार्करांनीं नेमकें हेरलें होतें.

येथेंच थांबतां आलें असतें, तर बरें झालें असतें. परंतु १९९१ सालीं टोपणनांवानें निघालेली, नाझी विचारांचा पुरस्कार करणारी एक कादंबरी बार्करांचीच होती, असें टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनें २०२२ सालीं जाहीरपणें मान्य केलें. ज्यानें परक्या लोकांचे शब्द एकेक करून वेंचले, परका धर्म आपला मानला, त्याच्याच लेखणींतून वंशद्वेष उतरावा, याचा उलगडा सहज होत नाहीं.

परभाषेच्या अध्ययनानें मन उदार होतें, असें आम्ही शिक्षक वर्गांत सांगत आलों आहों. तें सर्वस्वीं खोटें नाहीं. पण आपोआप घडणारेंहि नाहीं. भाषा येणें निराळें आणि ती बोलणाऱ्या माणसाला आपल्या बरोबरीचा मानणें निराळें. पहिलें अभ्यासानें साधतें. दुसऱ्यासाठीं रोज स्वतःच्या मनाची झडती घ्यावी लागते. त्सोल्यानीचें व्याकरण अभ्यासूं नये, असें मी म्हणणार नाहीं. मात्र कर्त्याची ही बाजू झांकून तें कोणी शिकवूं नये.