न्यायाधीश नेमायचे कोणी? १९७३च्या एका निर्णयापासून सुरू झालेला वाद

सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सरकारने निवडायचे की न्यायाधीशांनीच? कॉलेजियमने पाठवलेलं एखादं नाव सरकारकडे अडकलं की हा वाद पुन्हा बातम्यांत येतो. तो पेटला एप्रिल १९७३मध्ये.

तेव्हा काय झालं होतं?

२४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. संसद राज्यघटनेत दुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, असं १३ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ७ विरुद्ध ६ मतांनी सांगितलं. इंदिरा गांधी सरकारसाठी हा धक्का होता. १९७०मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदाही कोर्टाने रद्द केला होता.

सरन्यायाधीश सिक्री निवृत्त होताच सरकारने न्या. शेलत, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून न्या. अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश केलं. हे तिघे केशवानंद निकालात बहुमतात होते, तर रे अल्पमतात. तिघांनीही राजीनामे दिले.

सामान्य माणसाचा याच्याशी काय संबंध?

जून १९७५मध्ये आणीबाणी लागली. विरोधकांना चौकशीविना तुरुंगात टाकलं गेलं. अशा कैद्यांना कोर्टात दाद मागता येईल, असं अनेक हायकोर्टांनी म्हटलं. पण २८ एप्रिल १९७६ रोजी रे यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठाने ४ विरुद्ध १ मताने सरकारची बाजू उचलून धरली. आपल्याला बेकायदा डांबलंय, हे सांगायलाही कैद्यांना कोर्टाचं दार बंद झालं.

विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना होते. जानेवारी १९७७मध्ये त्यांना डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं. खन्नांनी राजीनामा दिला.

१९७३च्या नेमणुकीमुळेच हा निकाल लागला, असं सिद्ध करता येत नाही. पण सरकारला न रुचणारा निकाल दिला तर बढती हुकते, हा संदेश दोनदा गेला होता.

चूक दुरुस्त कोणी केली?

आधी राजकारण्यांनी. १९७७च्या निवडणुकीत इंदिरा गांधी हरल्या. जनता सरकारच्या काळात ४४वी घटनादुरुस्ती झाली. आणीबाणीतही जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद तिने केली.

कोर्टाला तो निकाल स्पष्टपणे रद्द करायला २०१७ साल उजाडलं. १९७६च्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७मध्ये तो निकाल चुकीचा ठरवणारं निकालपत्र त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं.

मग कॉलेजियम कुठून आलं?

१९९३मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमणुकांत सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मताला प्राधान्य दिलं. १९९८मध्ये या मंडळात सरन्यायाधीशांसह ५ न्यायाधीश असतील, असं ठरलं. घटनेच्या मजकुरात मात्र 'कॉलेजियम' हा शब्दच नाही.

२०१४मध्ये संसदेने न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा केला. त्यात कायदामंत्र्यांनाही जागा होती. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी कोर्टाने ४ विरुद्ध १ मताने तो रद्द केला. त्यासाठी आधार घेतला तो मूलभूत चौकटीचाच.

आज परिस्थिती काय आहे?

कॉलेजियम नावं पाठवतं. सरकार एखादं नाव फेरविचारासाठी परत पाठवू शकतं. तेच नाव पुन्हा आलं, तर नेमणूक करणं बंधनकारक मानलं जातं. प्रत्यक्षात काही फायली महिनोन्महिने पडून राहतात. दुसरीकडे, कॉलेजियमची चर्चा बंद दाराआड होते आणि एखाद्याचं नाव का वगळलं, हे लोकांना बहुतेकदा कळत नाही.

म्हणजे सरकारच्या हाती सगळं दिलं तर काय होतं, हे १९७३ ते १९७७ या काळात दिसलं. न्यायाधीशांच्या हाती सगळं दिल्यावर त्यांना जाब कोणी विचारायचा, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.